कानाच्या परीक्षेत कॉपी

आयुष्यात मी एकदाच परीक्षेत कॉपी केली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कानाच्या तपासणीत. पकडली गेले नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या बाजूला, एका खाजगी शाळेच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं खिडकीवर बसते. ॲडमिशनचे फॉर्म, बोनाफाईड, नावातल्या चुका, जन्मतारखेतल्या चुका, फी-सवलतीचे अर्ज, सगळं त्या खिडकीतून आत येतं आणि शिक्का घेऊन बाहेर जातं. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे पगार चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण खुर्ची माझी आहे. माझ्या डोळ्यांदेखत तीन मुख्याध्यापिका बदलल्या, शाळेचा रंग दोनदा बदलला, खिडकीवर मीच आहे. कुठला कागद कमी आहे ते मी पालकाचा चेहरा बघून सांगू शकते. ही फुशारकी नाही. म्हणजे आहे, पण खरी आहे.

ऐकू कमी येऊ लागलं ते सहा-सात वर्षांपूर्वी. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची बेल, मग फोनवरची माणसं. दुखलं नाही, खुपलं नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. करोनात सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधले तेव्हा मात्र माझी गाळण उडाली. तोवर मी कानांनी नव्हे, समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, नस कमजोर होत चालली आहे, औषध नाही, दोन्ही कानांना मशीन लावा. मी "बघू" म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

अशीच आणखी वर्षं गेली असती. पण गेल्या जानेवारीत शाळेचे ट्रस्टी माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या खांद्याला बोट लावलं. मी दचकून वळले.

"मॅडम, तिसऱ्यांदा हाक मारतोय तुम्हाला."

रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि लहान मुलाला समजवावं तसा एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ॲडमिशन सुरू व्हायच्या आत मशीन लावून घ्या. नाहीतर खिडकीवर दुसरं कोणीतरी बसवावं लागेल. तुम्हाला रेकॉर्ड रूम देतो. आरामाचं काम आहे."

रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली. तिला खिडकी नाही, तिथे माणूस येत नाही, जुनी रजिस्टरं आणि झुरळं. काम अर्धं म्हणून पगारही अर्धा. माझ्याआधी ज्या दोघांना तिथे बसवलं ते वर्षाच्या आत आपणहून घरी गेले. राजीनामा मागायचा नसेल तेव्हा माणसाला तिथे बसवतात, हे ऑफिसात शिपायालाही माहीत आहे. मी ट्रस्टींना म्हटलं, "ॲडमिशनच्या आधी मशीन लावते," आणि मग दिवसभर शिक्के आपटत राहिले. भीतीने नाही, रागाने.

संध्याकाळी मी मीरा रोड स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. सेल्समनने मखमलीच्या डबीतून शेंगदाण्याएवढं मशीन काढलं.

"मॅडम, ये लगाओगे तो किसी को पता भी नहीं चलेगा."

पंधरा मिनिटं तो मला हेच सांगत राहिला. दिसत नाही, कळत नाही, केसांखाली लपतं. कुणाला कळू नये ही माझी अडचण नव्हती. मला ऐकू यावं एवढीच माझी मागणी होती. शेवटी मी किंमत विचारली तर त्याने तोंडाने सांगितली नाही, कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून माझ्यापुढे धरला. डोळे माझे चांगले आहेत. आठ महिने पगाराला हात लावला नसता तर ते दोन शेंगदाणे मला मिळाले असते. "ईएमआई हो जाएगा," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, चष्म्याला कोणी हप्ते लावतं का? तो हसला. मी हसले नाही.

माझ्या नवऱ्याची परळची कंपनी बंद पडून दहा वर्षं झाली. कंपनी चालू असतानाच आम्ही चाळीतली खोली विकून इकडे मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात वन बीएचके घेतला होता. आता त्याची पेन्शन एवढी बारीक आहे की ती आली हे बँकेच्या मेसेजवरूनच कळतं. सोसायटीचा तो सेक्रेटरी आहे, तेही फुकटात. मुलगा पुण्याला असतो. मागितलं असतं तर त्याने दिलं असतं, पण त्याच्या घरात पाच महिन्यांचं बाळ होतं आणि सुनेची नोकरी नुकतीच सुटली होती. त्याच्यापुढे मी तोंड उघडणार नव्हते.

"एफडी मोडू," नवरा म्हणाला.

"ती तुमच्या गुडघ्यांसाठी आहे."

"मग?"

"सरकारी योजना आहे. मशीन फुकट मिळतं. मी अर्ज करते."

तो माझ्या समोर येऊन, मला ओठ दिसतील असा उभा राहून म्हणाला, "अगं, आपण आजवर कोणापुढे हात पसरले नाहीत."

योजनेची माहिती मला कुठल्या वर्तमानपत्रातून मिळाली नव्हती. माझ्याच खिडकीतून मिळाली होती. दुसरीतल्या एका मुलीच्या आईने फी-सवलतीच्या अर्जाला मुलीचं दिव्यांग प्रमाणपत्र जोडलं होतं. त्याची झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून मीच शिक्का मारला होता. मुलीच्या कानाला मशीन होतं. ते सरकारी योजनेतून मिळालं हे तिच्या आईने कौतुकाने सांगितलं होतं आणि मी मान डोलावून पुढचा फॉर्म घेतला होता. त्या बाईने हात पसरले असं मला तेव्हा एकदाही वाटलं नव्हतं. मग माझ्याच बाबतीत ते का वाटावं, असं मी नवऱ्याला विचारलं. तो उठून चहा करायला गेला. उत्तर नसलं की तो चहा करतो.

कागद गोळा करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे त्याची मला धास्ती नव्हती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेले तर तिथल्या माणसाने रेशनकार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "कार्ड तर पांढरं आहे तुमचं. मग दाखला कशाला लागतो?"

त्या पांढऱ्या कार्डाचीही एक कथा आहे. परळला आमचं कार्ड केशरी होतं. इथे राहायला आल्यावर नवऱ्याने तीन दिवस रांगेत उभं राहून ते पांढरं करून आणलं. रेशनचा गहू आपण आणत नाही, मग कार्ड कशाला केशरी ठेवायचं, शेजारी काय म्हणतील, असा त्याचा हिशोब. लोक सवलत मिळावी म्हणून रांगा लावतात. आमच्या घराने सवलत जावी म्हणून लावली होती. तेव्हा मीही त्याला पेढा दिला होता, हे कबूल करायला हवं.

"कार्ड पांढरं आहे, पगार पांढरा नाही," मी त्या माणसाला म्हटलं, आणि शाळेची पगारपत्रकं त्याच्यासमोर ठेवली. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं असावं, कारण तो चिडला. पण दाखला मिळाला. चार खेपा घातल्या. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. माझ्याकडे दोनच होते.

आणि मग आला तपासणीचा दिवस. योजनेसाठी निदान चाळीस टक्के बहिरेपण असल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते सरकारी इस्पितळातून मिळतं. तिथे फ्रिजपेक्षा थोड्या मोठ्या अशा एका खोलीत मला बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, नाही आला तर दाबायचं नाही. एवढीच परीक्षा. समोर काच होती आणि काचेपलीकडे तपासणी करणारी मुलगी यंत्र घेऊन बसली होती.

पहिले तीन-चार आवाज मला आले. नंतर काही येईना. तिकडे ती कळ दाबत होती, माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. मी बटण मुठीत धरून बसले होते. ती काहीतरी लिहीत होती. माझ्या मनात आलं, ही माझ्या नावापुढे शून्य लिहिते आहे.

मी ज्या घरात वाढले तिथे नापास हा शब्द शिवीसारखा वापरत. सातवीत मला गणितात काठावर पस्तीस मिळाले तर वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढं पुरलं मला जन्मभर. त्या खोलीत बसले होते ती त्रेपन्न वर्षांची, शिक्के मारणारी, कोणाला न घाबरणारी बाई नव्हती. सातवीतली मुलगी होती. आणि तिला एकच गोष्ट कळत होती, की बटण दाबलं नाही तर मार्क जातील.

मग मी बघितलं, कळ दाबली की ती मुलगी दरवेळी मान वर करून माझ्याकडे बघते. झालं. तिची मान वर झाली की मी बटण दाबू लागले. मधूनच एखादं मुद्दाम सोडून द्यायचे. सगळीच उत्तरं बरोबर आली की बाईंना संशय येतो, हे शाळेतलं ज्ञान. तपासणी संपल्यावर ती मुलगी म्हणाली, "छान, मावशी." मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन मी बाकावर बसलेल्या नवऱ्याला अंगठा वर करून दाखवला.

घरी जाताना रिक्षात माझी धुंदी उतरली. रिक्षावाल्याने पुढे बघतच मला काहीतरी विचारलं. मला त्याची पाठ दिसत होती, ओठ दिसत नव्हते. नवऱ्याने उत्तर दिलं. रिक्षावाला पुन्हा काही बोलला, नवरा हसला. मी त्या दोघांच्या मध्ये सामानासारखी बसले होते, आणि मी नुकतीच कानाची परीक्षा पास होऊन आले होते.

आठ दिवसांनी कागद मिळाला. चौतीस टक्के. काउंटरवरच्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं आणि मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

"ताई, चाळीसच्या खाली योजना नाही. तुम्ही बसत नाही."

हे वाक्य मी किती वर्षं किती जणांना सांगितलं असेल. तुम्ही बसत नाही. हा कागद चालत नाही. उद्या या. त्या क्लार्कचा मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच, याच आवाजात सांगितलं असतं. राग आला तो स्वतःचा. योजना होती, कागद होते, बहिरेपण तर भरपूर होतं, आणि मी ते कॉपी करून घालवलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ॲडमिशन सुरू होणार होत्या.

नवऱ्याला मी खरं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे आता. पुन्हा तपासा म्हणालीस तर त्यांना वाटेल मशीन उकळायला बहिरेपणाचं सोंग करतेय. काय अब्रू राहील?"

"ऐकू येतंय असं सोंग सात वर्षं करतेय," मी म्हटलं. "त्यात राहिली अब्रू?"

मी ओरडले होते. कमी ऐकू येणारी माणसं ओरडतात, पण मी कानांमुळे ओरडले नव्हते. त्याने चहाचं पातेलं चढवलं. मी डायनिंग टेबलावर कोरा कागद घेऊन बसले आणि अर्ज लिहिला. मुलाला बरं नाही, दाखला हरवला, आडनाव बदललं, असले शेकडो अर्ज मी पालकांकडून खोडून पुन्हा लिहून घेतले आहेत. हा अर्ज मी एका बैठकीत लिहिला. "अमुक तारखेच्या तपासणीत मी बटण ऐकून दाबले नाही, बघून दाबले. तपासणी करणाऱ्यांचा यात दोष नाही. मला ऐकू येत नाही. तपासणी पुन्हा करावी." खाली सवयीने "आपली कृपाभिलाषी" लिहून गेले. मग ते खोडलं आणि नुसती सही केली. मी कृपा मागत नव्हते, दुरुस्ती मागत होते.

एकदा लेखी कबूल केल्यावर दुसऱ्यांदा जड जात नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत पुठ्ठ्यावर मार्करने मराठीत आणि हिंदीत लिहिलं, "मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून बोला," आणि तो पुठ्ठा खिडकीच्या काचेला चिकटवला. ट्रस्टी आले, थबकले, आणि म्हणाले, "मॅडम, हे काय? शाळेचं इम्प्रेशन काय पडेल?"

"कमी ऐकू येतं असं पडेल."

"काढा ते."

"काढते. पुठ्ठा का काढायचा त्याचं कारण तेवढं लेखी द्या. फाईलला लावते."

एकोणीस वर्षं खिडकीवर बसल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते, की जे तोंडी सांगता येतं ते सगळं लेखी देता येत नाही. त्यांनी लेखी दिलं नाही. पुठ्ठा राहिला. ॲडमिशन सुरू झाल्या आणि मी खिडकीवरून हलले नाही, कारण हलवायचं तेही लेखीच द्यावं लागलं असतं. पण त्यांनी एका नव्या बाईंना माझ्या शेजारी स्टुलावर आणून बसवलं, काम शिकायला म्हणून. आपल्या जागी येणाऱ्या माणसाला आपणच शिक्का कुठे ठेवला ते दाखवायचं, ही चीड मी कोणाला समजावून सांगू शकत नाही.

फेरतपासणीला बोलावलं त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी भाईंदरजवळच्या राई गावची एक म्हातारी बसली होती. मासळी बाजारात बसणारी, सत्तरीच्या पुढची, गळ्यात ठसठशीत सोनं. आम्ही दोघी बोलू लागलो आणि सगळा व्हरांडा ऐकू लागला, कारण दोघींनाही कमी ऐकू येत होतं.

"गिऱ्हाईक भाव पारतंय, मना आयकाला येत न्हाय," ती म्हणाली. "मंग माजा भाव त्योच भाव. धंदा बेस चाललाय!"

"मग मशीन कशाला हवंय?" मी ओरडून विचारलं.

"नातू हाय बारका. बारीक आवाजानं बोलतंय. त्येचं आयकाचं हाय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तू का तोंड पारून बसलीस? लाज वाटतंय? कान आपलंच हायेत, कुनाचं चोरून न्हाय आनलं."

समोरच्या बाकावरचे लोक आमच्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. हो, आम्ही बहिऱ्या आहोत, पुढे बोला. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तपासणी करणारी मुलगी तीच होती. माझा अर्ज तिच्या हातात होता. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिला हसू आवरत नव्हतं. मला दिसावं म्हणून तोंड समोर धरून ती म्हणाली, "मावशी, बहिरं असल्याचं नाटक करणारे आम्हाला रोज भेटतात. ऐकू येतंय असं नाटक करणाऱ्या तुम्ही पहिल्याच." नवऱ्याला आत बोलावून तिने त्यालाही सुनावलं, की यांना चार वर्षांपूर्वीच मशीन लागायला हवं होतं, इतके दिवस घरचे काय करत होते? मी हेच सांगितलं असतं तर तो चहा करायला गेला असता. तिच्यापुढे तो खाली मान घालून "हो, चुकलं" म्हणाला. सोनारानेच कान टोचलेले बरे.

या वेळी बटण नव्हतं. कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवून मला झोपवलं. काही दाबायचं नाही, काही सांगायचं नाही, कानात आवाज सोडतात आणि नस काय म्हणते ते यंत्र स्वतःच टिपून घेतं. मी डोळे मिटले. कॉपी करायला तिथे काही नव्हतंच. अर्धा तास मी त्या शांततेत पडून होते आणि मला रडू आलं. मला खरोखरच ऐकू येत नव्हतं. सात वर्षं मी ते सगळ्यांपासून लपवलं, पण सगळ्यात जास्त स्वतःपासून.

बावन्न टक्के. मी पास झाले, म्हणजे नापास झाले, काय म्हणायचं ते म्हणा. योजनेत बसले.

मशीन मिळायला एप्रिल उजाडला. एका हॉलमध्ये वाटपाचं शिबिर होतं, स्टेजवर बॅनर, हारतुरे, पाहुणे. मशीन कानाला लावून द्यायच्या आधी आम्हाला ओळीत उभं केलं आणि फोटोग्राफर म्हणाला, "सब लोग डिब्बा ऊपर पकड़ो." मी डबा पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. एक कार्यकर्ता माझ्याकडे आला आणि खुणांनी सांगू लागला. मी त्याला म्हटलं, हे मला कायद्याने मिळालंय, बक्षीस नाही मिळालं, फोटो काढणार नाही. तो म्हणाला, सगळेच काढतायत. ते खरं होतं. राईची म्हातारी माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभी होती आणि तिने डबा डोक्याच्याही वर धरला होता. तिला तो फोटो नातवाला दाखवायचा होता. तिला हवा होता, मला नको होता. आम्हा दोघींचंही बरोबर होतं. पाच मिनिटं हुज्जत झाली आणि शेवटी त्यांनी माझ्याशिवाय फोटो काढला.

मशीन लावलं की कान उघडतात आणि जग गोड वाटू लागतं, असं कोणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. पहिला आठवडा नरक होता. प्लॅस्टिकच्या पिशव्या! एवढा आवाज करतात प्लॅस्टिकच्या पिशव्या, हे मी विसरूनच गेले होते. पंखा घरघरत होता, नवऱ्याच्या सपाता फरशीवर फटाफट वाजत होत्या, शेजारच्या घरातला मिक्सर माझ्या टाळूत फिरत होता. माझा स्वतःचा आवाज मला माझ्या आईसारखा ऐकू आला आणि तो मला आवडला नाही. दोनदा मी मशीन काढून डबीत ठेवलं. पण शेजारच्या स्टुलावर नव्या बाई बसलेल्या होत्या, आणि त्यांच्या दुर्दैवाने माझ्यातला हट्ट अजून शाबूत होता. रोज अर्धा तास वाढवत मी ते कानात ठेवलं.

पंधरा दिवसांनी ट्रस्टी माझ्या पाठीमागे आले आणि त्यांनी अगदी हळू हाक मारली. मुद्दाम. मी न वळता म्हटलं, "बोला सर." नव्या बाई त्याच आठवड्यात लायब्ररीत गेल्या. काम चांगलं करतात, माझा त्यांच्यावर राग नाही.

म्हणजे खुर्ची राहिली. लढाई जिंकले असंच मला वाटत होतं, आणि कॉलर ताठ करून मी त्या खिडकीवर बसत होते.

मेच्या सुरुवातीला एक बाई आली. तिशीची असेल, खांद्याला शिकवणीच्या मुलांची असते तशी कापडी पिशवी. तिच्यामागे सात-आठ पालकांची रांग होती. ती खिडकीशी वाकली, मान खाली घातली, आणि पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं करून पुटपुटली, "मॅडम, फीस थोड़ी कम हो सकती है क्या? मिस्टर का काम छूट गया है।"

काचेवर पुठ्ठा होता तरी तिची मान खालीच होती. तिचे ओठ मला दिसत नव्हते. पण मला शब्द न् शब्द ऐकू आला.

आणि मी आतून गार पडले. कारण हा आवाज मी सात वर्षांत ऐकलाच नव्हता. मदत मागणारं माणूस इतक्या खालच्या आवाजात बोलतं, हे मी विसरून गेले होते. या सात वर्षांत अशा किती बाया या खिडकीशी वाकल्या असतील, आणि त्या प्रत्येकीला मी सांगितलं असेल, "जोर से बोलिए। सुनाई नहीं दिया।" मग त्यांनी ते पुन्हा सांगितलं असेल. नवऱ्याची नोकरी गेली, नवरा सोडून गेला, घरात आजारपण आहे, सगळं मोठ्याने, मागची रांग ऐकत असताना. आणि काही जणी दुसऱ्यांदा बोलल्याच नाहीत. "कुछ नहीं मॅडम" म्हणून बाजूला झाल्या. तशा होत्या, मला त्यांचे चेहरे आठवतात. तेव्हा मला वाटायचं, काम नव्हतं तर रांगेत कशाला उभ्या राहिल्या.

मशीनसाठी मी स्वतः चार ऑफिसं पालथी घातली. कार्ड पांढरं का म्हणून कुणी चारचौघांत विचारलं तर वाघीण झाले. फोटोला उभी राहिले नाही. आणि या बायांना मी स्वतःच सात वर्षं चव्हाट्यावर उभं केलं होतं. केवळ मला ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटत होती म्हणून. मला माझी चीड आली, शेंगदाण्याएवढ्या मशीनला आठ महिन्यांचा पगार मागणाऱ्या त्या दुकानाचीही आली, आणि त्यातली एकही अजून गेलेली नाही.

मी खुर्ची पुढे ओढली आणि काचेच्या फटीपाशी तोंड नेलं. सवलतीचा फॉर्म काढला आणि कुठले कागद लागतील ते तिला एकेक करून सांगू लागले. इतक्या हळू की मला स्वतःलाही ते मशीनमुळेच ऐकू येत होतं. तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

मागून एक गृहस्थ पुढे झुकले. "मॅडम, ज़रा ज़ोर से बोलिए ना। यहाँ कुछ सुनाई नहीं दे रहा।"

"आपको सुनाने के लिए नहीं बोल रही हूँ," मी म्हटलं, आणि आवाज आणखी खाली आणला.